केकवर दोनशे चाळीस, कागदावर दोनशे बारा

१

टुंड्रा जातीचा कृत्रिम गुडघा बसवलेल्या एकाही माणसाला वर्षभरानंतर दुखत नाही. माणसं दोनशे बारा, दुखणं शून्य. हा निष्कर्ष आम्ही ग्रोसेलेच्या रुग्णालयात मंगळवारी सकाळी दहा वाजता जाहीर केला, टाळ्या वाजवल्या, आणि सव्वाअकरा वाजता असं काही जाहीर झालंच नव्हतं असं ठरवलं. तेव्हा तुम्हीही वरची दोन वाक्यं वाचलेली नाहीत.

घोटाळा केकमुळे झाला. आमच्याकडे केक आधी मागवतात आणि निष्कर्ष नंतर काढतात. माय-ब्रित ही आमच्या गुडघा-नोंदवहीची लेखनिक. उत्तरेत कुणाला कुठला गुडघा बसला, कुणी बसवला आणि पुढे त्याचं काय झालं, हे सगळं त्या नोंदवहीत असतं आणि ते तिथे माय-ब्रित भरते. तिने बदामाच्या हिरव्या आवरणाचा केक आणला होता. वर पांढऱ्या साखरेत आकडा होता: २४०.

"हे काय?" मी विचारलं.

"गुडघे."

"माझ्या आलेखात दोनशे बारा आहेत."

"मग आलेख चुकलाय. केक मी स्वतः फोन करून सांगितलाय. दोनशे चाळीस ऑपरेशनं या दोन बोटांनी नोंदवलीत मी."

"टाईप दहा बोटांनी करतात, माय-ब्रित."

"तू कर दहा बोटांनी, आणि हरव अठ्ठावीस माणसं."

डॉक्टर फोल्केच्या तोंडात घास होता. तो त्याने बराच वेळ गिळला नाही. टुंड्रा गुडघा घडवण्यात त्याचा हात होता आणि ग्रोसेलेतले सगळे टुंड्रा त्यानेच बसवले होते.

मी तूरे, सत्तावीस वर्षांचा, नोंदवहीचा संख्याशास्त्रज्ञ. मला रुग्णांची नावं दिसत नाहीत. मला दिसतात नुसत्या ओळी आणि रकाने. शुक्रवारी माझा आलेख दक्षिणेकडच्या मुख्य कचेरीत जाणार होता आणि त्याच्या जोरावर टुंड्रा देशभर बसवला जाणार होता. सोमवारी सकाळी आमच्याच रुग्णालयात पहिला नंबर होता एव्हर्ट नावाच्या निवृत्त बस ड्रायव्हरचा. उजवा टुंड्रा त्याला वीस महिन्यांपूर्वीच बसला होता. आता डावाही टुंड्राच बसणार होता, कारण आलेख तसं म्हणत होता.

एव्हर्ट म्हणजे माझे पप्पा.

मी पुन्हा मोजलं. कागदावर दोनशे बारा, केकवर दोनशे चाळीस. नोंदवहीला हात लावू शकणारे आम्ही तिघं एकाच टेबलाशी उभे होतो, आणि तिघांच्याही हातात सुरी होती.

२

थोरा हॅम्मार बुधवारच्या गाडीने आली. साठीची, ठेंगणी, लोकरी मोजांवर आणखी लोकरी मोजे घातलेली. मुख्य कचेरीची तपासनीस. त्याआधी तीस वर्षं तिने विमा कंपनीत खोटी आजारपणं पकडली होती. अगदी दक्षिणेकडची असल्याने ती तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी बोले. आल्याआल्या तिने उरलेला केक मागितला आणि खाल्ला.

"पुरावा होता तो," मी म्हटलं.

"म्हणूनच तपासला."

आमच्या देशात राजा सोडून सगळ्यांना 'तू' म्हणतात आणि राजा ग्रोसेलेला येत नाही. त्यामुळे चौकशीला मानमरातब नसतो. फोल्के लाकडी चपला टकटक वाजवत आला. मी रस्ता दाखवण्याच्या निमित्ताने कोपऱ्यात बसलो.

"या गुडघ्याला पुढे तुझं नाव देणार आहेत म्हणे?" थोराने विचारलं.

फोल्केने छताकडे पाहिलं. थोराने वहीत काहीतरी लिहिलं.

"अभिमान वाटतो?"

थोराने पुन्हा लिहिलं.

"ती अठ्ठावीस माणसं तू काढून टाकलीस?"

"नाही. मी माणसांतली हाडं काढतो, बाई. वहीतली माणसं काढायचं शिक्षण मला कुणी दिलेलं नाही."

"मग गुडघा दुखतो का, हे तू त्यांना विचारतच नाहीस?"

"सहा आठवड्यांनी एकदा बघतो. त्यानंतर वर्ष झालं की कचेरीच्या मशीनचा फोन जातो. मशीनच आहे, पण बाईच्या आवाजात फार छान बोलतं. माझ्या बायकोपेक्षा सौम्य."

बाहेर आल्यावर थोराने मला वही दाखवली. तिथे लिहिलं होतं: 'नावाबद्दल विचारलं. दचकला. अभिमानाबद्दल विचारलं. पुन्हा दचकला, श्वास आत ओढला.'

"मला तर तो शांत दिसला," मी म्हटलं.

"म्हणून तू संख्याशास्त्रज्ञ झालास. प्रश्न ऐकून माणूस असा श्वास आत ओढतो, तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी असतं."

"केक असतो."

"अपराध असतो," थोरा म्हणाली. "फक्त एक अडचण आहे. ओळी पुसायची चावी फोल्केकडे नाही."

ती चावी माय-ब्रितच्या गळ्यात होती.

३

"ही चावी एकट्या तुझ्याकडेच असते?" थोराने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लिहायला लागली.

माय-ब्रित तिच्याकडे बघत राहिली. "तू लिहितेस काय एवढं? मी तर अजून काही बोललेच नाहीये धड."

"तेच लिहिते. ओळी पुसल्यास?"

"नाही. एकही नाही. मेलेल्या माणसाचीसुद्धा ओळ मी पुसत नाही, नुसती तारीख घालते. पुसायचं काय त्यात?"

"मशीनचा राग येतो तुला?"

माय-ब्रितने चावी ब्लाउजच्या आत टाकली. थोराची पेन्सिल चालली.

"दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते फोन मीच करायचे," माय-ब्रित म्हणाली. "एका गुडघ्याला चाळीस मिनिटं. आधी नातवंडं, मग कुणाच्या गाडीला रेनडिअर आडवं आलं ते, मग हवा, आणि अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता, गुडघा. कचेरी म्हणाली, गुडघ्याला दोन मिनिटं पुरतात. बरं म्हटलं."

"तुझ्या वेळी किती जणांना दुखायचं?"

"जुना गुडघा होता तेव्हा. शंभरात पाच तरी. मग मशीन आलं, टुंड्रा आला, आणि गावातलं दुखणंच थांबलं. मी मनात म्हटलं, अगं बाई, इतकी वर्षं माझ्या फोननेच दुखत होतं की काय यांना."

ती हे हसत म्हणाली, पण पुढची ओळ नोंदवायला तिला बराच वेळ लागला.

थोराने मला व्हरांड्यात ओढलं. "चावीबद्दल दचकली. मशीनबद्दलही दचकली. म्हणजे दोन झाले."

"दोन काय?"

"गुन्हेगार. तिसरा तू."

"मी काय केलं?"

"सकाळी स्टेशनवर मी विचारलं, तूच का तूरे? तू दचकलास. तीस वर्षांत बायकोचं नाव ऐकून दचकणारे खूप पाहिले. स्वतःचं नाव ऐकून दचकलेला माणूस पहिल्यांदाच भेटला."

मी दचकलो नव्हतो. माझी खात्री होती. पण वहीत तसं लिहिलेलं होतं, आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचाच मला पगार मिळतो.

"उद्या तुझे रकाने बघू," थोरा म्हणाली. "तुझ्या रकान्यांत प्रेतं आहेत, असा माझा अंदाज आहे."

४

प्रेतं नव्हती. गुरुवारी सकाळी नऊला मी माझा प्रोग्राम तिच्यापुढे उघडला आणि साडेनऊला मीच गुन्हेगार निघालो.

"ही ओळ काय म्हणते?" तिने विचारलं.

"ज्याने 'गुडघा दुखतो का' या मुख्य प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही, त्याला हिशेबातून गाळायचं. नियम कचेरीचा आहे."

"आणि गाळणारा हात?"

"माझा."

अठ्ठावीस ओळी तिथेच होत्या. कुणी पुसल्या नव्हत्या, चोरल्या नव्हत्या. 'दुखतो का' हा त्यांचा रकाना फक्त रिकामा होता, आणि रिकाम्याला मी माणूस धरला नव्हता.

"यांनी फोन उचललाच नाही?"

"उचलला. जवळजवळ दोन मिनिटं, शेवटपर्यंत ऐकला. 'जखम चिघळली का?' नाही. 'दुसरं ऑपरेशन झालं का?' नाही. 'दुखतो का?' रिकामं. 'समाधानी आहेस का?' रिकामं."

"आणि बाकीचे दोनशे बारा? ज्यांना दुखत नाही ते तरी समाधानी आहेत?"

"तिथेही रिकामंच. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस."

थोराने चष्मा काढला. "तुला याचं नवल वाटलं नाही?"

"ग्रोसेलेचा माणूस समाधानी असला तरी फोनवर सांगत सुटेल असं नाही. मला ते अगदी खरं वाटलं."

"एक मोज. सगळ्या प्रश्नांत मिळून 'हो' किती आहेत?"

मी मोजले. मग संगणक बंद करून, चालू करून पुन्हा मोजले. शून्य. दोन वर्षांत दोनशे चाळीस माणसांनी एकाही प्रश्नाला हो म्हटलेलं नव्हतं.

"इथे लग्नं कशी होतात?" थोराने अगदी गंभीरपणे विचारलं.

मग ती उठली आणि माय-ब्रितला चावी लावून अठ्ठावीस नावं काढायला सांगितली. तपासनीसाला तो अधिकार असतो, मला नसतो. यादी आली. थोराने ती वाचली, घडी घातली, उघडली आणि माझ्यासमोर ठेवली.

"तुला बघायची परवानगी नाही," ती म्हणाली. "चौथं नाव बघ."

चौथं नाव एव्हर्ट होतं, पुढे माझंच आडनाव.

५

मार्चमध्ये ग्रोसेलेच्या तळ्यावर गाव लोटतं. बर्फाला भोक पाडायचं, रेनडिअरच्या कातड्यावर बसायचं आणि गळ सोडून दिवस काढायचा. पप्पा चाळीस वर्षं पहिल्या दिवशी पहिले असायचे. त्या गुरुवारी लख्ख ऊन होतं आणि ते स्वयंपाकघरात खिडकीशी बसले होते.

"तळ्यावर नाही गेलास, पप्पा?"

"उन्हाने डोळे दुखतात. ही कोण?"

"थोरा. कचेरीतून आलीय."

"दक्षिणेची दिसते. हडकुळी नाही म्हणजे खात-पीत असणार. बस, बाई." त्यांनी आमच्याकडच्या रीतीने तिच्या कपात चीजचे चौकोनी तुकडे टाकले आणि वर कॉफी ओतली. थोराने कपात पाहिलं आणि तिथला तपास पुढे ढकलला.

"एव्हर्ट, गेल्या जुलैत तुला मशीनचा फोन आला होता?"

थोराची पेन्सिल हलली. मी वाचलं: 'दचकला.'

"तिने सगळे प्रश्न विचारले?"

'दचकला.'

"आणि उजवा गुडघा? दुखतो?"

पप्पांनी खिडकीबाहेर बघत ओठांच्या फटीतून बारीकसा श्वास आत ओढला. श्शुप.

"अरे, हा तर पानासारखा थरथरतोय," थोरा माझ्या कानात पुटपुटली. "एवढा घाबरतोय कशाला?"

"घाबरला नाही," मी म्हटलं. "हो म्हणाला."

"कधी? मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते!"

"आत्ता. तो श्वास. इथे 'हो' असंच म्हणतात. आत ओढून. 'नाही' बोलून सांगावं लागतं, 'हो' नुसतं श्वासाने होतं."

"तुला पक्कं माहितेय?"

मी श्वास आत ओढला. श्शुप.

थोराने पेन्सिल टेबलावर ठेवली. "हे मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आम्ही तुमच्यावर करतो तो विनोद आहे."

तिने वहीची पानं मागे उलटली आणि प्रत्येक 'दचकला' खोडून वर 'हो' लिहीत गेली. गुडघ्याला तुझं नाव देणार आहेत? हो. अभिमान वाटतो? हो. चावी तुझ्याकडेच असते? हो. मशीनचा राग येतो? हो. तूच का तूरे? हो. तीन गुन्हेगार तीन मिनिटांत संपले. सगळ्यांनी सगळं खरं सांगितलं होतं, आणि ते ऐकायला दक्षिणेची एक बाई आणि दक्षिणेचं एक मशीन होतं.

"मशीनला आवाज लागतो," ती म्हणाली. "श्वास म्हणजे त्याच्या लेखी शांतता. ज्याला दुखत नाही तो 'नाही' म्हणाला आणि मोजला गेला. ज्याला दुखतं तो 'हो' म्हणाला आणि रिकामा राहिला. रिकामा राहिलेला तू गाळलास. म्हणून दोनशे बारांत एकालाही दुखत नाही. ज्या अठ्ठावीस जणांनी हो म्हटलं, ते सगळेच्या सगळे बाहेर."

कोडं सुटलं होतं. मला जरा बरं वाटायला हवं होतं.

"पप्पा, मला का नाही सांगितलंस? मी दर रविवारी फोन करतो."

"करतोस की."

"मी विचारतो तुला."

"तू विचारतोस, 'पप्पा, सगळं बरं ना?' त्याला काय नाही म्हणायचं? सगळं बरं असतं. गुडघा तेवढा दुखतो." त्यांनी साखर ढवळली. "त्या मशीनने नीट विचारलं. 'गुडघा दुखतो का?' आणि विचारून थांबली ती. घाई केली नाही. मग सांगितलं."

"तिला ऐकूच गेलं नाही."

"असं होय," पप्पा म्हणाले. "मला वाटलं होतं, कुणीतरी पुढचा फोन करेल."

थोरा उठून उगाचच खिडकीतलं रोप बघायला गेली.

"मग सोमवारी डाव्यालाही तोच गुडघा का घेत होतास?" मी विचारलं.

"दोन्ही सारखे दुखले तर लंगडणार तरी नाही."

ते विनोद करत होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

६

शुक्रवारी कचेरीत आलेख गेला नाही. त्याऐवजी थोराचं एक पान गेलं: टुंड्रा बसवलेल्या दोनशे चाळीस माणसांत अठ्ठावीस जणांना वर्षभरानंतर दुखतं. म्हणजे शंभरात जवळजवळ बारा. जुन्या गुडघ्याच्या दुपटीहून जास्त. टुंड्रा देशभर जाणार होता तो ग्रोसेलेतच थांबला. फोल्केने गुडघ्याला आपलं नाव द्यायला नकार दिला आणि माय-ब्रितच्या शेजारी खुर्ची टाकून, अठ्ठावीस घरी स्वतः फोन केले. माय-ब्रितने त्याला आधी नातवंडांबद्दल विचारायला शिकवलं.

मशीन अजून चालू आहे. त्यात आता एक वाक्य वाढवलंय: 'कृपया स्पष्ट आवाजात उत्तर द्यावे.' आमच्या गावात ते ऐकून लोक श्वास आत ओढतात, म्हणजे बरं म्हणतात.

सोमवारी पप्पांना डावीकडे जुन्या जातीचा गुडघा बसला आणि तो छान आहे. त्याच दिवशी फोल्केने त्यांच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला. तो फोटो त्याने उजेडासमोर धरला तो खाली ठेवेचना.

"सांगून टाक," मी म्हटलं.

"सैल झालाय. प्लास्टिकची चकती झिजली आणि तिच्या भुग्याने आजूबाजूचं हाड खाल्लं. मी दुसरा बसवेन. चालता येईल त्याला. वाकवता नाही येणार."

"बर्फावर बसता येईल?"

"नाही," फोल्के मोठ्याने म्हणाला, कारण आमच्याकडे ते मोठ्यानेच म्हणावं लागतं. मग हळू म्हणाला, "गेल्या जुलैत कळलं असतं तर नुसती चकती बदलली असती, तूरे. अर्ध्या तासाचं काम."

कचेरीत कुठलीही चूक लेखी अर्जाशिवाय दुरुस्त होत नाही, असं थोराने गाडीत चढताना सांगितलं. म्हणून मी अर्ज केला आहे. तो असा:

प्रति, मुख्य कचेरी, उत्तर विभाग गुडघा-नोंदवही.

विषय: एका रिकाम्या रकान्याच्या दुरुस्तीबाबत.

गेल्या वर्षी नऊ जुलै रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आपल्या यंत्राने अर्जदाराच्या वडिलांना एक मिनिट बावन्न सेकंदांचा फोन केला. त्याचं ध्वनिमुद्रण नियमानुसार नव्वद दिवसांनी पुसण्यात आलं असल्याने पुरावा जोडता येत नाही. तरी विनंती की, 'दुखतो का' या रकान्यात 'हो' असं लिहिण्यात यावं; सदर उत्तर अर्जदारास त्याच दिवशी, त्याच वेळी समजलं होतं अशी नोंद घेण्यात यावी; आणि त्या नोंदीनुसार मधले आठ महिने अर्जदाराच्या वडिलांना परत करण्यात यावेत. आठही महिने एकदम देणं कचेरीस शक्य नसल्यास, थोडे थोडे करून दिले तरी अर्जदाराची हरकत नाही.